जेरबंद

आमच्या न्यूज पोर्टलच्या डेस्कवर काही शब्द ठरलेले आहेत. बिबट्या पिंजऱ्यात सापडला की तो ‘जेरबंद’. मोबाइल चोरणारी टोळी सापडली की तीही ‘जेरबंद’. जुन्नरकडून एखादी बातमी आली की माझी बोटं कीबोर्डवर आपोआप तिकडेच वळतात. हेडलाइनला हा शब्द फार सोयीचा आहे. चारच अक्षरं, त्यामुळे नोटिफिकेशनमध्ये कापला जात नाही. आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की पकडलं, दार लावलं, गोष्ट संपली.

दोन वर्षांपूर्वी एका रात्रपाळीला मी अशीच एक बातमी लावली होती. ऑनलाइन जुगार चालवणारी टोळी जेरबंद. फोटो टाकला, टॅग टाकले, पब्लिश केलं. मग कम्प्युटर लॉक करून वॉशरूममध्ये गेले, कडी लावली आणि फोनवर लाल-हिरव्या रंगांचं एक ॲप उघडलं.

त्या ॲपचं नाव सांगत नाही. तशी डझनावारी होती. खेळ इतका बाळबोध की त्याला खेळ म्हणायचीही लाज वाटावी. एका मिनिटाचा डाव, पडद्यावर लाल येणार की हिरवा, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर पैसे दुप्पट, चुकलं तर गेले. माझ्या ऑफिसातली एक मुलगी खेळायची. तिने दाखवलं तेव्हा मी हसले होते. मी बीएला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं. मला कोण फसवणार?

मग मला एक व्हिडिओ सापडला. त्यात एक मुलगा पांढऱ्या बोर्डवर आकडे लिहून समजावत होता. शंभर लावा. हरलात तर दोनशे लावा. पुन्हा हरलात तर चारशे. कधी ना कधी तुमचा रंग येणारच, आणि तो आला की आधीचं सगळं भरून निघतं, वर शंभर रुपये सुटतात. मी वहीत करून पाहिलं. शंभर, दोनशे, चारशे मिळून घातले सातशे. चारशेच्या डावात जिंकले तर हातात आले आठशे. शंभर सुटले. गणितात कुठेही खोट नव्हती. या युक्तीला तो मुलगा ‘मार्टिंगेल’ म्हणत होता. नावसुद्धा किती भारदस्त! एखाद्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं असावं असं वाटलं होतं मला.

पाच आठवडे ती युक्ती चालली. रोज हजार-बाराशे सुटायचे. ॲप प्रत्येक डावातून थोडा कट घ्यायचं, पण तेवढं कोण बघतं! मी स्वतःला जुगारी समजत नव्हते. जुगारी लोक नशिबावर खेळतात, माझ्याकडे सिस्टिम होती. माझे साठवलेले आणि जिंकलेले मिळून खात्यात चोपन्न हजार झाले. त्याच खात्यात आणखी साठ हजार होते, पण ते माझे नव्हते. पप्पांनी पाठवले होते. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन पुण्यात करायचं होतं, आणि पप्पा एसटीत कंडक्टर असल्यामुळे दवाखान्याची धावपळ मी करायची होती.

त्या रात्री मी हिरव्यावर शंभर लावले. लाल आला. दोनशे, लाल. चारशे, लाल. आठशे, सोळाशे, बत्तीसशे. इथपर्यंत मी शांत होते, कारण सहा वेळा हरणं आधीही एकदा झालं होतं. चौसष्टशे. बारा हजार आठशे. पंचवीस हजार सहाशे. लाल, लाल, लाल.

नऊ डावांत ५१,१०० रुपये गेले. एका मिनिटाचा डाव, म्हणजे चहा गार व्हायच्या आत. दहाव्या डावाला ५१,२०० लागणार होते आणि माझे स्वतःचे २,९०० उरले होते.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं हे मला अजून नीट आठवतं, आणि तेच मला सगळ्यात घाबरवतं. मला आपण आबांचे पैसे चोरतोय असं वाटलं नाही. मला वाटलं, एका मिनिटासाठी उसने घेतोय. दहाव्यांदा तर लाल येऊ शकत नाही ना!

आला.

अकराव्या डावाला १,०२,४०० हवे होते. मी फोनवर झटपट कर्ज देणारं दुसरं ॲप उघडलं. नाव, पॅन, आधार, सगळं भरलं. शेवटी त्याने सेल्फी मागितला. चेहरा चौकटीत धरा, उजेड कमी आहे. तोवर मी फ्लॅटवर आले होते, खोलीत अंधार होता. मी दिवा लावला. रूममेट जागी झाली आणि डोळे चोळत म्हणाली, “काय गं, रडतेस का?” मला माहीतच नव्हतं. मी फोन पालथा ठेवला.

*

शनिवारी स्वारगेटवरून फलटणची गाडी धरली. पप्पा ड्यूटीवर होते. आबा ओट्यावर बसले होते, मला पावलावरून ओळखलं त्यांनी. डोळ्यांचा उपयोग तेव्हा फक्त उजेड-अंधार कळण्यापुरता उरला होता.

आबा जन्मभर घोड्यांमध्ये राहिले. रेसच्या घोड्यांचे सईस होते ते. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला. सीझन हलला की घोड्यांबरोबर तेही हलायचे. पहाटे चारला उठून घोडा चालवणं, खरारा करणं, पाय बघणं, साज चढवणं हे त्यांचं काम. ज्या घोड्यावर लोक लाखो लावायचे त्याच्या लिदीची पाटी आबा उचलायचे.

मी म्हटलं, “आबा, तुमच्या डोळ्याचे पैसे मी घालवले.”

“कशात?”

“जुगारात. मोबाइलवर.”

“किती?”

“तुमचे एक्कावन्न हजार. माझे एक्कावन्न.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, एवढे जातात कसे? मी सांगायला लागले. हरलं की दुप्पट लावायचं, परत हरलं की परत दुप्पट. बोलताना मला कळत होतं की मी अजूनही त्या युक्तीची बाजू घेतेय. “त्याला नाव आहे आबा, मार्टिंगेल म्हणतात.”

“काय म्हनतात?”

“मार्टिंगेल.”

“मार्टिंगल?” आबा माझ्याकडे वळले. “ते तर घोड्याला बांधत्यात, पोरी.”

मला वाटलं त्यांना ऐकू कमी आलं. पण ते उठले, भिंत चाचपत आत गेले आणि लोखंडी पेटीतून एक जुना कातडी पट्टा घेऊन आले. काळपट, मऊ, खोबरेल तेलाचा वास येणारा. एका टोकाला घर होतं, दुसरीकडे पट्टा दुभंगून दोन झाला होता, आणि त्या दोन टोकांना एकेक पितळी कडी.

आबांनी बोटांनी तो उलगडत मला सांगितलं. घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो तंग. मार्टिंगल सुरू होतो त्या तंगापासून, पुढच्या दोन पायांमधून छातीवर येतो, तिथे त्याचे दोन फाटे होतात, आणि त्या दोन कड्यांमधून लगामाचे दोन्ही दोर जातात. दुसरा एक प्रकार असतो, त्यात फाटे नसतात, पट्टा थेट नाकावरच्या पट्टीला बांधतात. काम दोन्हींचं एकच. काही घोडी मान झटकून वर फेकतात. मान एवढी वर गेली की तोंडातलं लोखंड जागचं हलतं आणि वर बसलेल्याच्या हातात नुसते दोर उरतात. मग ते घोडं कुणाचं नसतं.

“मग याने मान खाली ओढून धरायची?” मी विचारलं.

“वढायची न्हाई.” आबांनी पट्टा माझ्या हातात दिला. “घोडं नीट चालतंय तवर ह्यो ढिलाच आसतो. घोड्याला कळत बी न्हाई की बांधलाय. मान लई वर गेली तरच ताणतो.”

“आणि आखूड बांधला तर?”

“तर घोडं ठेच लागली की पडतंय. सावराया मान लागती.”

मग ते म्हणाले, “तुजं मार्टिंगल कसलं म्हनं? हरलं की दुप्पट? ते तर सुटल्यालं घोडं हाय.”

*

पुण्याला परत आल्यावर पप्पांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. आबांचं ऑपरेशन चार महिने पुढे गेलं. त्या चार महिन्यांत मी ॲप काढून टाकलं, डबे बंद करून पोळीभाजी करायला लागले, आणि रात्री झोप लागेना तेव्हा एका शब्दाच्या मागे लागले. ज्या पट्ट्याचं काम आवरणं, त्याचं नाव न आवरण्याच्या युक्तीला कसं काय पडलं?

दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेलजवळ एका खाऱ्या सरोवराच्या काठी मार्टिग नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथली माणसं भोळी, जगापासून तुटलेली आणि जरा विचित्र अशी त्या भागात त्यांची ख्याती होती. सोळाव्या शतकात राब्ले या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकात ‘मार्टिंगेल’ पद्धतीची एक विजार येते, मागच्या बाजूने पट्ट्याने बांधायची. ‘मार्टिगच्या लोकांसारखं’ असा त्या शब्दाचा मूळ अर्थ, आणि तिथूनच घोड्याच्या पट्ट्याला ते नाव मिळालं, असं अनेक कोशकार मानतात. दुसरे काही जण स्पॅनिशमधल्या घोड्याच्या साजाच्या एका शब्दाकडे बोट दाखवतात, जो अरबीतून आला. भांडण अजून मिटलेलं नाही.

जुगाराचा अर्थ फ्रेंचमध्ये अठराव्या शतकापर्यंत रुळला होता. तिथेही मार्टिगच्याच लोकांची आठवण सांगतात. प्रोव्हान्सच्या बोलीत ‘मार्टिगच्या रीतीने खेळणं’ म्हणजे येड्यासारखं खेळणं. हे वाचलं तेव्हा मला पांढऱ्या बोर्डवाल्या मुलाची आठवण आली. जे नाव मला शास्त्रज्ञाचं वाटलं होतं ते बहुधा ‘खुळ्यांची पद्धत’ अशी शिवी होती.

व्हेनिसमधला प्रसिद्ध कासानोव्हा १७५४ मध्ये हीच युक्ती खेळला. आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की सुरुवातीला तो जिंकत गेला, मग सगळं हरला, आणि शेवटी त्याच्या प्रेयसीचे हिरे विकून आलेले पैसेही त्यात गेले. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, पण गोष्टीचा क्रम तोच. आधी स्वतःचे, मग दुसऱ्याचे.

याच शब्दाने समुद्रावरही नोकरी केली. शिडाच्या मोठ्या जहाजाचं चित्र आठवा. नाळेच्या पुढे एक लांब वासा तिरका बाहेर आलेला असतो. त्या वाशाच्या टोकाला पुढची त्रिकोणी शिडं बांधतात. वारा भरला की ती शिडं वाशाला वर उचलायला बघतात, आणि वासा मोडला तर पुढची शिडं तर जातातच, मागच्या डोलकाठ्यांचे दोरही सैल पडतात. म्हणून वाशाच्या टोकापासून खाली एक भक्कम दोर किंवा साखळी घेतात. ती खाली पाण्याकडे तोंड केलेल्या एका आखूड दांड्याच्या टोकावरून वळवून जहाजाच्या अंगाला बांधतात. त्या दांड्याला खलाशी ‘डॉल्फिन स्ट्रायकर’ म्हणतात आणि त्या दोराला मार्टिंगेल. घोडा मान वर फेकतो तसं जहाजही नाक वर फेकायला बघतं, म्हणून घोड्याच्या पट्ट्याचंच नाव.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. शोधता शोधता एक जहाज सापडलं, एचएमएस ट्रिंकोमाली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत ते आजही तरंगतंय. आणि ते बांधलं कुठे, तर मुंबईत. १८१७ साली, वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात. मी फोनवर त्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करत गेले. नाळेवरची मूर्ती दिसली, पुढे झेपावलेला वासा दिसला, आणि त्याच्याखाली ताणलेल्या रेषा. त्या नेहमीच ताठ असतात, घोड्याच्या पट्ट्यासारख्या ढिल्या नसतात. लाकडाला ठेच लागत नाही, सावरायला त्याला मान लागत नाही. जहाजाला जे बंधन चालतं ते घोड्याला चालत नाही, हे आबांनी ओट्यावर बसून आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटची चक्कर गणितात. १९३९ मध्ये झाँ व्हिल या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या प्रबंधात हा जुगाऱ्यांचा शब्द उचलून गणितात आणला. पुढे जोसेफ डूब या अमेरिकन गणितज्ञाने त्यावर मोठा सिद्धांत उभा केला. आज संभाव्यताशास्त्रात ‘मार्टिंगेल’ म्हणजे असा प्रामाणिक खेळ, ज्यात पुढच्या डावानंतर तुमच्याकडे सरासरीने तेवढेच पैसे असतील जेवढे आत्ता आहेत. आणि खिशाला मर्यादा असेल तर अशा खेळात कुठलीही युक्ती ही सरासरी वर नेऊ शकत नाही. व्हिडिओतला मुलगा म्हणत होता त्याच्या बरोबर उलट, आणि नाव तेच!

मी पुन्हा वही काढली. या वेळी पूर्ण गणित केलं. दोन्ही रंगांची शक्यता समान धरली, ॲपचा कटही सोडून दिला. सलग दहा वेळा हरण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. म्हणजे १,०२४ पैकी १,०२३ वेळा मला शंभर रुपये सुटणार. एकूण १,०२,३०० रुपये. आणि उरलेल्या एका वेळी दहा डावांत जाणार किती? शंभरापासून ५१,२०० पर्यंत बेरीज करून बघा. १,०२,३००. एक रुपयाचा फरक नाही.

म्हणजे मी पाच आठवडे जे ‘कमवत’ होते ते त्या एका रात्रीकडून घेतलेलं कर्ज होतं. आणि ती रात्र काही फार दुर्मीळ नव्हती. अशा हजार साखळ्या खेळलात तर ती एकदा तरी येण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त आहे. त्यात ॲपचा कट मिळवा. आणि रंग खरोखर आपोआप येतो की कुणी आणतो, हा प्रश्न तर मी त्या पाच आठवड्यांत एकदाही विचारला नव्हता. स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं म्हणे!

*

या सगळ्यात ‘जेरबंद’ कुठून आला?

एका दुपारी डेस्कवर पुन्हा बिबट्याची बातमी होती. टाइप करता करता सहज वाटलं की रोज लिहितो त्या शब्दाचा अर्थ तरी बघावा. फोनवर जुने कोश चाळले. आणि खुर्चीत सरळ होऊन बसले. जेरबंद म्हणजे घोड्याच्या तोंडापासून छातीखालून तंगापर्यंत जाणारा पट्टा. मान वर उडवू नये म्हणून बांधतात तो. आबांचा पट्टा! मार्टिंगलला आपल्याकडे नाव होतं, आणि मी ते तीन वर्षं चोरांना आणि बिबट्यांना लावत होते.

शब्द फारसी आहे. लगाम, जीन, तंग, रिकीब असे घोड्याच्या साजाचे कितीतरी शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतूनच आले. ‘जेर’ म्हणजे खाली. जेरीस आणणं, जेर करणं यातला जेर तोच. त्याचा जोडीदार ‘जबर’ म्हणजे वर, म्हणून ज्याचा हात वर तो जबरदस्त. उर्दू लिपीत अक्षराखाली जी छोटी रेघ देतात तिलाही जेरच म्हणतात. आणि ‘बंद’ म्हणजे बांधायची पट्टी. कमरबंद, बाजूबंद आठवा. बाजूबंद म्हणजे दंडाला बांधायचा दागिना, दंडाला कुलूप लावलेलं नसतं. तसा जेरबंद म्हणजे खालून बांधायचा पट्टा.

पण मराठी कानाला ‘बंद’ म्हटलं की कडी ऐकू येते. घोडी रस्त्यावरून गेली, पागा गेल्या, पट्टा विस्मरणात गेला. उरलेल्या शब्दाचे मराठीने आपल्या समजुतीने दोन तुकडे केले असावेत. ‘जेर’ म्हणजे हरलेला, ‘बंद’ म्हणजे कोंडलेला. जो चालताना ढिला असायचा तो शब्द पिंजरा झाला. फ्रेंच-इंग्रजीत तोच पट्टा सुटलेल्या घोड्याचं नाव झाला. एका वस्तूचे दोन भाषांनी दोन टोकांना नेलेले दोन शब्द, आणि मी दोन्ही टोकांना जाऊन आले होते. वॉशरूममध्ये मार्टिंगेल खेळत होते आणि टेबलावर जेरबंद लिहीत होते.

आणखी एक शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. उधळणं. घोडा उधळतो आणि पैसेही उधळतात. लहानपणापासून दोन्ही वाक्यं बोलत आलोय, पण ते एकच क्रियापद आहे हे कधी जाणवलं नव्हतं. आबांच्या घरात वाढूनही!

*

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या दिवशी डेस्कवर माझ्या शेजारचा म्हणाला, बरं झालं, पिंजराच लावला. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या ॲपची स्वप्नं पडायची, अजून कधीतरी पडतात. पण पिंजऱ्याबाहेरही माणसाला राहावं लागतं आणि तिथे काय बांधायचं, हा माझा प्रश्न होता.

त्याचं उत्तर खरं तर त्याच शनिवारी मिळालं होतं. मी आबांना म्हटलं होतं, माझं एटीएम कार्ड पप्पांकडे देते, पगार थेट त्यांच्या खात्यात टाकते, फोनही साधा घेते. आबांनी मान हलवली. म्हणाले, आखूड नको. मग मला आधी कधीच माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एकदा त्यांनीही लावले होते. स्वतः खरारा करायचे त्या घोड्यावर, पूर्ण महिन्याचा पगार. त्या घोड्याची नस न् नस त्यांना माहीत होती. घोडा चौथा आला. त्या महिन्यात घरात दळण नव्हतं. आजीने भांडण केलं नाही, पगारही काढून घेतला नाही. फक्त दर पगाराला रात्री समोर बसायची आणि म्हणायची, मोजा. ते मोठ्याने मोजायचे, ती ऐकायची. चाळीस वर्षं.

“तू बी मोज,” आबा म्हणाले. “मला दिसत न्हाई. तू वाच, मी ऐकतो.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी आबांना फोन लावते आणि बँकेचं स्टेटमेंट वाचून दाखवते. सोमवार, किराणा, चारशे बारा. मंगळवार, रिचार्ज. बुधवार, काही नाही. पाच-सात मिनिटांचं काम. पहिले काही रविवार फार जड गेले. भाजीवाल्याचे साठ रुपये सांगतानाही आवाज कापायचा. मग सवय झाली. आता आठवडाभर मला त्या फोनची आठवणही येत नाही. फक्त एखाद्या रात्री बोट कुठेतरी नको तिथे जायला लागलं की रविवार आठवतो. हे वाक्य मला आबांना मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, एवढंच मनात येतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आबांचे पैसे मी सहा हप्त्यांत परत केले. आधी डावा डोळा झाला, दीड महिन्याने उजवा. पट्टी निघाली तेव्हा पप्पा आले होते. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी न विचारता माझ्यासाठीही चहा सांगितला. आमच्यात तेवढंच झालं. पुरेसं होतं की नाही, अजून मला ठरवता आलेलं नाही.

आबांना आता लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं चष्म्याने. मी म्हटलं, आता स्टेटमेंटचा फोटोच पाठवत जाते, तुम्हीच वाचा. म्हणाले, चष्मा सापडत न्हाई गं, तूच वाच. चष्मा त्यांच्या कपाळावर असतो, व्हिडिओ कॉलमध्ये मला दिसतो.

गेल्या आठवड्यात जुन्नरकडे पुन्हा बिबट्या सापडला. मी हेडलाइनमध्ये ‘पिंजऱ्यात’ लिहिलं. संपादकांनी ते बदलून ‘जेरबंद’ केलं. त्यांचंही बरोबर आहे. शब्द आता तिकडे राहायला गेलाय, त्याला ओढून परत पागेत आणता येणार नाही.

रविवारी वाचताना आबांनी मध्येच थांबवलं.

“नव्व्यान्नव रुपये कसलं?”

“गाण्यांचं ॲप आहे आबा. महिन्याचे पैसे.”

“बरं,” ते म्हणाले. “म्होरं वाच.”